अर्धा दिवस जपानी

२०२५ च्या एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत महाराष्ट्रात इयत्ता पहिलीबद्दल जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या आठवणीत कधी झालेली नाही. हिंदी सक्तीची करणारा १६ एप्रिलचा शासन निर्णय आला, १७ जूनला तो सुधारून पुन्हा आला, लोक रस्त्यावर उतरायच्या तयारीला लागले आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या सगळ्यात अस्मितेवर पुष्कळ बोललं गेलं, राजकारणावर त्याहून जास्त. सहा वर्षांच्या मुलासमोर एक अनोळखी भाषा ठेवली की वर्गात प्रत्यक्ष काय घडतं, यावर मात्र फारसं कोणी बोललं नाही. संपादकांनी ‘घरची भाषा, शाळेची भाषा’ हा विषय दिला, तेव्हा मला तेच पाहायचं होतं. आणि ते अशा ठिकाणी पाहायचं होतं, जिथे ती भाषा वरून लादलेली नाही, पालकांनी मागून घेतली आहे.

म्हणून पोर्टलंडला गेले. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ऑरेगन राज्यातलं हे सर्वात मोठं शहर. पाऊस, उंच सूचिपर्णी झाडं, नदीवरचे पूल, आणि डोंगरउतारावर १९६७ मध्ये लोकांसाठी खुली झालेली प्रसिद्ध जपानी बाग. शहराच्या आग्नेय भागात, डिव्हिजन स्ट्रीटच्या जवळ, साध्या घरांच्या वस्तीत रिचमंड एलिमेंटरी नावाची शाळा आहे. शाळा सरकारी आहे, फी नाही. १९८९ पासून इथली मुलं बालवर्गापासून पाचवीपर्यंत अर्धा दिवस इंग्रजीतून आणि अर्धा दिवस जपानीतून शिकतात. यातल्या बहुसंख्य मुलांच्या घरी कोणालाही जपानी येत नाही.

न कळणाऱ्या बाईंच्या वर्गात

बालवर्गाच्या दाराशी एक बाई उभ्या होत्या. आत येणाऱ्या प्रत्येक मुलाकडे बघून किंचित झुकून ‘ओहायो गोझाइमास’ म्हणत होत्या. मुलंही झुकत होती. कोणी नीट, कोणी दप्तर सांभाळत कसंबसं. मग बाई म्हणाल्या ‘सुवात्ते कुदासाइ’ आणि हाताने खाली बसण्याची खूण केली. चार-पाच जणी बसल्या. उरलेल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तीही बसली. या एका मिनिटात सगळी पद्धत दिसते. मुलाला वाक्य कळलेलं नसतं, प्रसंग कळलेला असतो. तोच प्रसंग, तेच वाक्य, तोच हात, रोज त्याच वेळी. काही आठवड्यांत हात खाली येतो आणि वाक्य एकटं उरतं.

बाईंना इंग्रजी उत्तम येतं, पण या खोलीत त्या ते बोलत नाहीत. एका मुलाने इंग्रजीत विचारलं, बाथरूमला जाऊ का? बाईंना कळलं, चेहऱ्यावर ते दिसलंही. त्याला थांबवलं नाही, रागावल्या नाहीत. शांतपणे त्याच्या मनातलंच वाक्य जपानीत म्हणून दाखवलं, ‘तोइरे नि इत्ते मो ईइ देस का’, आणि वाट पाहिली. त्याच्या तोंडून फक्त ‘तोइरे’ एवढंच निघालं. पुरलं. तो पळाला. मुलाने आपल्या भाषेत बोलावं, बाईंनी ते समजून घ्यावं आणि त्याच अर्थाचं वाक्य नव्या भाषेत त्याच्या हातात द्यावं, हे दिवसभर चालू असतं. मुलाचं इंग्रजी इथे गुन्हा नाही. बाईंना त्याची भाषा समजते, म्हणून तर हे जमतं. हा मुद्दा पुढे आपल्याकडच्या शाळांबद्दल बोलताना लागणार आहे.

दिवस मधोमध दुभंगतो तेव्हा वर्गांची अदलाबदल होते. दोन तुकड्या, दोन शिक्षक: एक जपानीचे, एक इंग्रजीचे. सकाळी एक तुकडी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. माणूस बदलतो, खोली बदलते, भिंतीवरची लिपी बदलते, त्यामुळे भाषेची सीमा मुलाला समजावून सांगावी लागत नाही. जपानीच्या खोलीत हिरागाना लिपीचा तक्ता, दिवसाच्या कामाची पाटी, आज वर्गप्रमुख कोण त्याचं नाव. हे नाव कातकाना लिपीत असतं, कारण परकी नावं जपानीत सहसा कातकानातच लिहितात. अमेरिकन मुलाला आपल्या नावाचं नवं रूप इथे पहिल्यांदा भेटतं, आणि आपल्या नावातल्या ‘ल’चा तिथे ‘र’ होतो हेही.

माँट्रियलच्या पालकांचा हट्ट

या पद्धतीला सगळीकडे ‘इमर्शन’ म्हणतात. भाषा हा विषय म्हणून तासभर न शिकवता त्या भाषेतून बाकीचे विषय शिकवायचे. भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही, आपल्याकडे लाखो मुलं परक्या भाषेतून शिकतात. पण शिस्तशीर प्रयोग म्हणून हे सुरू झालं ते कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या उपनगरात, १९६५ मध्ये. तिथल्या इंग्रजीभाषक पालकांना दिसत होतं की शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचचा तास होऊनही आपली मुलं शेजाऱ्याशी चार वाक्यं बोलू शकत नाहीत. त्यांनी शाळामंडळाच्या मागे लागून बालवर्ग पूर्ण फ्रेंचमधून सुरू करून घेतला. मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी त्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. फ्रेंच आली, इंग्रजी मागे पडली नाही.

लँबर्टनी यातून जे सांगितलं ते मला या साऱ्या विषयाचा कणा वाटतं. दुसरी भाषा दोन तऱ्हांनी येते. एकीत पहिली भाषा जागच्या जागी राहते आणि दुसरी तिच्यात मिळवली जाते. दुसरीत पहिली भाषा काढून घेऊन तिच्या जागी दुसरी बसवली जाते. पहिली बेरीज, दुसरी वजाबाकी. सेंट लँबर्टच्या मुलांची इंग्रजी रस्त्यावर, दूरदर्शनवर, दुकानांच्या पाट्यांवर, नोकरीच्या जाहिरातींत सगळीकडे होती; तिला शाळेकडून धोका नव्हता. पोर्टलंडच्या मुलांचंही तसंच आहे. जगातली सर्वात बलवान भाषा ज्यांच्या घरात आहे, त्यांना अर्धा दिवस जपानी देऊन काही गमवावं लागत नाही.

अमेरिकेत अशी पहिली शाळा १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कल्व्हर सिटीत स्पॅनिशसाठी निघाली. जपानीची वेळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली. जपानचा येन त्या काळात खणखणत होता, ऑरेगनमध्ये एप्सन, फुजित्सू यांसारख्या कंपन्या कारखाने काढत होत्या, आणि जपानी आलं तर मुलाचं भलं होईल असं पालकांना वाटू लागलं होतं. याच राज्यातल्या युजीन शहरात १९८८ मध्ये, पोर्टलंडमध्ये १९८९ मध्ये आणि त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत असे वर्ग सुरू झाले. जपानची ती भरभराट १९९० नंतर ओसरली. वर्ग टिकले. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण नफ्याच्या आशेने सुरू झालेली गोष्ट नफा दिसेनासा झाल्यावरही पालकांनी सोडली नाही.

दहा-एक, दहा-दोन

फेअरफॅक्सच्या शाळांत जपानीच्या वाट्याला आलेले विषय आहेत गणित, विज्ञान आणि आरोग्य. इंग्रजी आणि समाजशास्त्र इंग्रजीत. पहिल्यांदा ऐकलं की वाटतं, आधीच गणित अवघड, त्यात जपानीतून? पण विचार केला की निवड शहाणपणाची दिसते. गणितात वस्तू समोर मांडता येतात. ठोकळे मोजता येतात, कागद दुमडून अर्धा करता येतो, पाणी मापाने ओतता येतं. जे डोळ्यांना दिसतं त्याच्याबद्दल अर्धवट कळणाऱ्या भाषेतही बोलता येतं. इतिहासातली एखादी राज्यक्रांती ठोकळ्यांनी दाखवता येत नाही.

शिवाय जपानी आकड्यांची रचना मुलाच्या बाजूने उभी राहते. अकरा म्हणजे ‘जू-इची’, दहा-एक. बारा ‘जू-नी’, दहा-दोन. वीस ‘नी-जू’, दोन-दहा. सत्तावीस ‘नी-जू-नाना’, दोन-दहा-सात. एक ते दहा आले की नव्व्याण्णवपर्यंत नवीन काही पाठ करावं लागत नाही, आणि दशक-एकक नावातच ऐकू येतं. रिचमंडच्या बालवर्गात मुलं ठोकळे दहा-दहाच्या ओळीत लावून मोठ्याने मोजत होती. अकराशी कोणी अडखळलं नाही, कारण अकराशी अडखळण्यासारखं तिथे काही नव्हतंच.

ते पाहताना मला २०१९ चा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’बरोबर ‘वीस सात’ असंही वाचन दिल्यावरून केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की आपले संख्याशब्द उलटे आणि जोडाक्षरांनी भरलेले आहेत, लहान मुलाला त्यांचा त्रास होतो, म्हणून समजायला एक सोपी वाट जोडीला दिली आहे. विधानसभेपासून समाजमाध्यमांपर्यंत टिंगल झाली. आपलं ‘एकोणसाठ’ ऐकून साठ डोळ्यांपुढे येतात आणि लिहायचे असतात पाच आणि नऊ. मंगलाताई आज नाहीत. त्यांचं म्हणणं मुलांच्या बाजूचं होतं आणि ते तसंच ऐकलं जायला हवं होतं, असं त्या ठोकळ्यांपाशी बसून मला फार वाटलं.

पाढ्यांचं मात्र मराठी माणसाला तिथे लगेच जुळेल. जपानमध्ये दुसरीत ‘कुकू’ शिकवतात, नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंतचे पाढे, एका ठरलेल्या लयीत. ‘नी-निन गा शि’: बे दुणे चार. ‘सान-शि जूनि’: तीन चोक बारा. आकड्यांचे उच्चार चालीत बसावेत म्हणून आखूड केलेले, जसं आपलं ‘दुणे’ आणि ‘चोक’ फक्त पाढ्यातच भेटतं.

पोर्टलंडमधल्या एका मराठी घरी मी जेवायला गेले होते. मुलगा पहिलीत, आई-वडील संगणक क्षेत्रात, आजी काही महिन्यांसाठी भारतातून आलेली. घरात मराठी, अंगणात इंग्रजी, शाळेत अर्धा वाटा जपानीचा. जेवणानंतर त्याने हिरागाना म्हणून दाखवले: आ इ उ ए ओ, का कि कु के को. आजी लगेच म्हणाल्या, अरे, हा तर बाराखडीच म्हणतोय की! त्यांचं ऐकणं बरोबर होतं. जपानी अक्षरांचा आजचा क्रम ठरला तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून. आधी स्वर, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क-वर्ग, च-वर्गाच्या जागी स, मग त आणि न, प-वर्गाच्या जागी ह (तिथे पूर्वी प होता), म, आणि शेवटी य-र-व. बाराखडी पाठ असलेल्या मुलाला त्या तक्त्यात आपला शेजार सापडतो. आईने सांगितलं की त्याला देवनागरी शिकवण्याची इच्छा तिला शाळेतला तो तक्ता बघूनच झाली. तोवर मराठी बोलता आलं की पुष्कळ झालं, असं त्या घरात ठरलेलं होतं.

ज्यांची जपानी गेली

पोर्टलंडमध्ये जपानी काही १९८९ मध्ये पहिल्यांदा आली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून शहराच्या जुन्या भागात जपानी वस्ती होती: खानावळी, न्हाव्याची दुकानं, छोटी हॉटेलं, आणि मुलांना संध्याकाळी जपानी शिकवणाऱ्या शाळा. हूड रिव्हर खोऱ्यातल्या सफरचंदांच्या आणि नासपतीच्या बागा यातल्या कित्येकांनी घडवल्या. १९२३ मध्ये ऑरेगनने कायदा करून पहिल्या पिढीच्या या लोकांना जमीन घेण्याची बंदी केली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि तपासयंत्रणेने पहिल्या काही दिवसांत ज्यांना उचललं त्यांत जपानी भाषेचे शिक्षक होते. घरोघरी जपानी पुस्तकं, पत्रं जाळली गेली.

१९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा आदेश क्रमांक ९०६६ निघाला आणि जपानी वंशाच्या लोकांना घराबाहेर काढण्याची वाट मोकळी झाली. २८ मार्चला मिनोरू यासुई नावाचा हूड रिव्हरमध्ये जन्मलेला तरुण वकील जपानी वंशाच्या लोकांवर लादलेली संचारबंदी मोडून पोर्टलंडच्या रस्त्यांवर चालत राहिला, अटक व्हावी आणि कायद्याची परीक्षा व्हावी म्हणून. मे महिन्यापर्यंत शहरातली जपानी कुटुंबं गुराढोरांच्या प्रदर्शनाच्या इमारतीत कोंडली गेली. जिथे जनावरं बांधली जात, तिथे लाकडी आडोसे करून साडेतीन हजारांहून जास्त माणसं ठेवली होती. पुढे बहुतेकांना आयडाहो राज्यातल्या मिनिडोका इथल्या छावणीत नेलं. यातले दोन तृतीयांश लोक जन्माने अमेरिकेचे नागरिक होते.

छावणीतून परतलेल्या पिढीने आपल्या मुलांशी जपानी बोलणं सोडलं. कोणी बंदी केली नव्हती. भाषा म्हणजे संशय, हे त्यांना कळून चुकलं होतं. लँबर्टच्या हिशेबातली वजाबाकी ती हीच. आज त्यांची नातवंडं-पतवंडं इंग्रजीच बोलतात, आणि आजीची भाषा परत मिळावी म्हणून कोणी आपल्या लेकराचं नाव इमर्शन शाळेच्या प्रवेशाच्या सोडतीत घालतं.

सॅन फ्रान्सिस्कोत ही गोष्ट आणखी जवळून दिसते. तिथल्या जपानी वस्तीतल्या पालकांनी १९७३ मध्ये सरकारी शाळेत जपानी द्विभाषिक वर्ग सुरू करून घेतले. हे पूर्ण अर्थाने इमर्शन नव्हे, रोजचा जपानी भाषेचा आणि संस्कृतीचा तास आहे. यातले काही वर्ग आज रोझा पार्क्स एलिमेंटरी या शाळेत भरतात. हीच शाळा पूर्वी राफाएल वाइल या नावाची होती. एप्रिल १९४२ मध्ये छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी तिच्या पटांगणात छातीवर हात ठेवून राष्ट्रध्वजाची प्रतिज्ञा म्हणणाऱ्या जपानी मुलींचे फोटो काढले. थोड्याच दिवसांत त्या मुली छावणीत होत्या.

अमेरिकन सरकारने या अन्यायाची माफी मागून हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर देण्याचा कायदा केला १९८८ मध्ये. पुढच्याच वर्षी रिचमंडमध्ये मुलं सरकारी खर्चाने जपानी शिकू लागली. या दोन घटना एकमेकींमुळे घडल्या असं मी म्हणत नाही. पण पोर्टलंडच्या नदीकाठी १९९० मध्ये उभारलेल्या जपानी-अमेरिकन स्मारकाच्या दगडांमधून चालताना मला ही दोन सालं वेगळी करता आली नाहीत.

सोडत आणि सेन्सेई

हे सगळं चालवायला काय लागतं, हे पालक आणि शिक्षक मोकळेपणाने सांगतात.

पहिली अडचण शिक्षकांची, म्हणजे सेन्सेईंची. जपानी मायबोलीसारखी येणारे, लहान मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण असलेले आणि ऑरेगनचा परवाना असलेले शिक्षक हवेत. असे शिक्षक मोजकेच असतात आणि परदेशातून आणायचे तर व्हिसाचा प्रश्न येतो. दुसरी पुस्तकांची. जपानमधलं पहिलीचं पाठ्यपुस्तक अशा मुलासाठी लिहिलेलं असतं, ज्याच्या कानात सहा वर्षांची जपानी आधीच साठलेली आहे. ते पोर्टलंडच्या मुलापुढे तसंच ठेवता येत नाही. अमेरिकन पुस्तक इंग्रजीत. म्हणून शिक्षक दोन्हीच्या मधलं साहित्य स्वतः बनवतात: चित्रं, कार्डं, छोट्या गोष्टी, शब्दांच्या याद्या. शाळा सुटल्यावरचे त्यांचे तास यातच जातात. जपानमधली मुलं सहा वर्षांत १,०२६ कांजी चिन्हाक्षरं शिकतात, पहिलीत ८०. अर्ध्या दिवसात तेवढं होणार नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी खोटी आश्वासनं देत नाही.

पालकांची ‘ओया नो काइ’ नावाची संस्था आहे. ती निधी जमवते, जपानमधून तरुण मदतनीस आणते, त्यांना वर्गात शिक्षकांच्या हाताखाली काम मिळतं आणि राहायला पालकांचीच घरं. घरी आलेल्या तरुणीशी मुलाला जपानीत बोलावंच लागतं, आणि शाळेतली भाषा न्याहारीच्या टेबलावर येऊन बसते. पालकांना स्वतःला गृहपाठ वाचता येत नाही. मूल काय लिहितं आहे ते कळत नसताना त्याच्याजवळ बसून राहणं, हे त्यांनी निमूटपणे स्वीकारलेलं असतं.

आणि एक अडचण न्यायाची. जागा थोड्या, अर्ज जास्त, म्हणून सोडत. ज्यांना अशा शाळेची माहिती असते, अर्जाची तारीख लक्षात राहते, मुलाला शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचवता येतं, तेच अर्ज करतात. शेजारच्या गल्लीतल्या मुलाला मात्र आपल्या वस्तीतली शाळा सोडून लांब जावं लागू शकतं. सरकारी पैशाने चालणारी उत्तम गोष्ट खाऊनपिऊन सुखी घरांकडे झुकते, हा आक्षेप अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या इमर्शन शाळांवर आहे आणि मला तो खरा वाटतो. सोडतीने तो पूर्ण मिटत नाही.

इंग्रजीचं काय होतं

सोडतीचा एक उपयोग मात्र झाला. कोण शाळेत गेलं आणि कोण राहिलं हे चिठ्ठीने ठरल्यामुळे दोन गटांची सरळ तुलना करता आली. रँड ही संशोधन संस्था, पोर्टलंडचं शाळामंडळ आणि इतर संशोधकांनी मिळून सात वर्षांच्या सोडतीतल्या सुमारे सोळाशे मुलांचा अभ्यास केला. जेनिफर स्टील आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सोडतीत नंबर लागलेली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत सुमारे सात महिने आणि आठवीपर्यंत सुमारे नऊ महिने पुढे होती. गणित आणि विज्ञानात फरक नव्हता. फायदा नाही, तोटाही नाही. ज्या मुलांच्या घरी इंग्रजी नव्हती, त्यांचीही इंग्रजी लवकर सुधारली, आणि शाळेतली दुसरी भाषा त्यांच्या घरचीच असेल तर हा परिणाम अधिक होता. हा अभ्यास स्पॅनिश, चिनी, रशियन आणि जपानी या सगळ्या वर्गांचा एकत्र आहे, एकट्या जपानीचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

जपानी किती येते? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अनुभवानुसार इंग्रजीभाषक प्रौढाला कामापुरती जपानी यायला सुमारे २,२०० तास लागतात, स्पॅनिशला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. रोजचे तीन तास धरले तर सहा वर्षांत मुलांना याहून जास्त तास मिळतात. तरी ती जपानी मुलांसारखी बोलत नाहीत. कॅनडाच्या संशोधक मेरिल स्वेन यांनी फ्रेंच वर्गांबद्दल १९८५ मध्ये दाखवून दिलं होतं की मुलांचं ऐकून समजणं अस्सल असतं, बोलणं-लिहिणं चुकत राहतं, कारण त्यांना बोलायला पुरेसं लावलंच जात नाही. रिचमंडच्या वरच्या वर्गांत मुलं शिक्षकांशी जपानीत बोलतात आणि एकमेकांशी खुसफूस करताना इंग्रजीत. शिक्षकांना ते ठाऊक आहे. पुढे माउंट टेबर माध्यमिक आणि ग्रँट हायस्कूलपर्यंत हा अभ्यासक्रम चालू राहतो, त्यामुळे पाचवी म्हणजे शेवट नव्हे.

आपल्या पहिलीकडे परत

महाराष्ट्रात गल्लोगल्ली जे इंग्रजी माध्यम आहे, त्याला आपण मनातल्या मनात अशीच कुठली तरी पद्धत समजतो. मूल लवकर टाकलं की भाषा लवकर येईल. पण रिचमंडमध्ये जे आहे त्यातलं काय तिथे असतं? कमी फीच्या अशा अनेक शाळांत बाईंना स्वतःला इंग्रजीत सहज बोलता येत नाही. धडा मराठीत सांगितला जातो, प्रश्नोत्तरं इंग्रजीत फळ्यावर लिहिली जातात, मुलं उतरवून घेतात आणि पाठ करतात. मराठीत बोललं तर दंड किंवा ओरडा. वाचायला-लिहायला पहिली लिपी रोमन, मराठी उरली तर कसाबसा एक विषय. यात बेरीज नाही. घरच्या भाषेत विचार करायला शिकण्याआधीच ती बाजूला केली जाते आणि नवी भाषा तर येतच नाही. ज्यांच्या आई-वडिलांना इंग्रजी येत नाही, त्यांच्याच मुलांचं यात सर्वाधिक नुकसान होतं.

आपल्याकडे इमर्शनच्या सर्वात जवळची रचना आहे ती सेमी-इंग्रजीची. भाषा आणि समाजशास्त्र मराठीत, गणित-विज्ञान इंग्रजीत. फेअरफॅक्सची विषयवाटणी डोळ्यांपुढे आणा, जवळजवळ तीच. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आली, त्यानंतर जिल्हा परिषदांच्या कित्येक शाळांनी हा मार्ग धरला. आराखडा चांगला आहे, त्याला माणसं दिलेली नाहीत. इंग्रजीतून गणित शिकवण्याचं प्रशिक्षण, मधलं साहित्य, दोन शिक्षकांची जोडी, यातलं काही न देता एका शिक्षकावर दोन वर्ग टाकून तोच आराखडा चालवायचा म्हटलं तर तो कोलमडणारच. सरकारला भाषेसाठी खरोखर काही करायचं असेल तर तिसऱ्या भाषेच्या निर्णयाआधी या शिक्षकांकडे पाहावं.

आणि लवकर म्हणजे किती लवकर, याची घाई अनाठायी आहे. पुण्यात दरवर्षी मोठ्या संख्येने तरुण-तरुणी जपानी शिकतात आणि तिच्या परीक्षांना बसतात. यातल्या बहुतेकांनी पहिलं हिरागाना अठरा-वीस वर्षांचं झाल्यावर गिरवलेलं असतं. योगेंद्र पुराणिक यांनी पुण्यात जपानीचे धडे घेतले, जपानला स्थायिक झाले आणि २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. घरची भाषा पक्की असलेल्या माणसाला पुढची भाषा कोणत्याही वयात घेता येते.

म्हणून ज्यांच्या घरी यंदा तीन-चार वर्षांचं मूल आहे, त्यांना एक विनंती. शाळेची इमारत, बस, गणवेश पाहून झाल्यावर वर्गात एक तास मागे बसू द्या असं म्हणा. मूल आपल्या भाषेत काही बोललं तर बाईंना ते कळतं का, आणि त्या पुढे काय करतात, एवढंच पाहा. परवानगी मिळाली नाही, तर प्रवेश घेऊ नका.